बंड्या उभा राहतो

रविवारी कुत्र्यांची स्पर्धा आहे, म्हणून रोज सकाळी मी आमच्या पाच महिन्यांच्या पिल्लाला, बंड्याला, गच्चीवरच्या जुन्या टेबलावर उभं करतो. पुढचे पाय सरळ, मागचे जरा मागे, मान वर. परीक्षक त्याचे दात बघतील, पाठीवरून हात फिरवतील. तोवर त्यानं हलायचं नाही. तो हलत नाही. पण माझ्या तळव्याखाली त्याची छाती धडधडत असते, आणि खरं सांगायचं तर माझीही. मागचा डावा पाय किंचित आत वळतो का? मला आता तेवढा एकच पाय दिसतो.

"अहो, खेळू द्या की त्याला," कपडे वाळत घालताना बायको म्हणाली.

"रविवारनंतर," मी म्हणालो.

ऑफिसात साहेब टेबलाशी आले की मीही असाच ताठ होतो. ते गेल्यावर सैल व्हायचं राहूनच जातं.

काल संध्याकाळी बंड्या दाराशी पाय पसरून झोपला होता. सहज लाड करावेत म्हणून मी हात पुढे केला. तो धडपडत उठला, त्यानं चारही पाय नीट लावले, मान वर केली आणि श्वास रोखून उभा राहिला.