ठोक्याची गाठ

त्याचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पोस्टमनसुद्धा ‘ठोक्या’ अशीच हाक मारायचा. एक्केचाळीस वर्षं ह्या गृहस्थानं गोदीत लाकडी जहाजांच्या फटी बुजवल्या. दोन फळ्यांच्या मधे तेलात भिजवलेला सुताचा पीळ घालायचा, बोथट छिन्नीनं ठोकून ठोकून आत बसवायचा आणि वर गरम डांबर ओतायचं. दिवसभर ठक ठक. बायको होती तोवर शेजारणींना सांगायची, “मेला झोपेतसुद्धा माझ्या पाठीवर फटी शोधतो.”

गोदीत एक रीत होती. फट भरून संपली की शेवटच्या टोकाला ज्यानं त्यानं आपली गाठ मारून ती आत दडवायची. सही म्हणा हवं तर. ठोक्याची गाठ अडीच वेढ्यांची, शेपूट पोटात घेतलेली. ती दुसऱ्या कुणाला जमत नसे म्हणे. दुसऱ्या कुणी प्रयत्नही केला नव्हता, पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

मग गोदी बंद पडली, तिच्या जागी गोदामं आली. जहाजं कुणी फोडली, कुणी जाळली. ठोक्याकडे त्या एक्केचाळीस वर्षांतलं दाखवायला म्हणून एक छिन्नी उरली होती आणि तिनं तो नारळ फोडायचा.

अशात न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी बोललं, की किनाऱ्याकिनाऱ्यानं जुनी जहाजं जपून ठेवलेली संग्रहालयं आहेत. झालं! ठोक्या अर्ध्या दाढीनिशी उठून उभा. “त्यात माझ्या हातचं एक तरी असणारच. माझी गाठ बघून येतो.”

“सापडली तर ही मिशी उतरवीन,” न्हावी म्हणाला. त्याची मिशी म्हणजे त्याची इस्टेट होती.

गाडी भाचीची. तिनं तीन दिवसांची रजा टाकली. ती नवऱ्याशी भांडून निघाली होती अशी बातमी आहे. असेल, आपल्याला काय करायचंय. निघताना मामाच्या शर्टाची बटणं तिनंच लावली. त्याच्या बोटांची पेरं सुजून गाठाळली होती.

“थंडीनं आखडलीत,” तो म्हणाला.

“मामा, मला घाम फुटलाय.”

“तुला लहानपणापासूनच जास्त फुटतो.”

पहिल्या संग्रहालयात नुसते नांगर आणि बाटलीत बसवलेली जहाजं. तिथं ठोक्यानं एका होडीवर टकटक करून बघितलं आणि रखवालदारानं त्याला दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं संग्रहालय. तिथलं जहाज खरं होतं, पण लोखंडाचं, आणि पोटात उपाहारगृह. “ह्यात काय ठोकणार, कपाळ?” म्हणून तो गाडीतच बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सापडलं.

काँक्रीटच्या चौथऱ्यावर, पाण्यापासून चांगलं दोन शेतं लांब, रंगवून चकचकीत केलेलं. मागच्या जिन्याखाली फळीवर तळहाताएवढा काळा डाग होता. तरुणपणी डांबराचं भांडं त्याच्याच हातून तिथं लवंडलं होतं. मुकादमानं आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. ठोक्या जिन्याखाली वाकला, कोपऱ्यातली फट नखानं खरवडू लागला. रंगाखाली रबरासारखं काहीतरी मऊ लागलं.

“आजोबा, हात लावू नका,” किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या देखरेखीच्या बाई म्हणाल्या.

“बाई, ह्यातलं सूत कुठं गेलं?”

“तो कचरा डागडुजीच्या वेळी काढून टाकला. थोडा ठेवलाय, या.”

काचेच्या पेटीत काळपट गोळा होता. खाली चिठ्ठी: ‘जहाजाच्या तळात सापडलेलं उंदरांचं घरटं.’ गोळ्यातून एक टोक वर आलेलं, अडीच वेढ्यांचं, शेपूट पोटात घेतलेलं.

“घरटं नाही हो हे! माझी गाठ आहे!”

“तज्ज्ञ येऊन बघून गेलेत, आजोबा.”

“तज्ज्ञाला म्हणावं, मारून दाखव अशी. नाहीतर थांबा, मीच दाखवतो. दोरी आहे?”

भाचीनं बुटाची नाडी काढून दिली. बाईंनी खरोखरच जुडगा खाली ठेवला. “दाखवा,” त्या म्हणाल्या. “अगदी तशी जमली, तर चिठ्ठी बदला असं मी वर लिहून देते.”

पहिला वेढा बसला. दुसऱ्याला अंगठा वळेना. नाडी सुटली. त्यानं पुन्हा घेतली, दातात धरून ओढली, पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी गुंता झाला. भाची पुढं झाली. “तू सांग, मी मारते.”

“तोंडानं नाही सांगता येत गं ते. हाताला ठाऊक होतं.”

मागून एक सहल आत आली. मुलं काचेला नाकं लावून ओरडली, “ई, उंदीर!” बाईंनी जुडगा उचलला. “राहू द्या, आजोबा. बसा थोडं.” आवाजात खोट नव्हती, हीच खरी पंचाईत. भांडायचं तरी कुणाशी?

परतीच्या वाटेवर तो मांडीवर नाडी घेऊन खटपट करत राहिला. भाची सैल बुटानं गाडी चालवत होती. पेट्रोल पंपावर उतरताना बूट पायातून निसटला, तेव्हा तिनं हात पुढं केला. “मामा, दे आता.”

त्यानं तो सुटता सुटेना असा गोळा तिच्या तळहातावर ठेवला.

“घे,” तो म्हणाला. “उंदराचं घरटं.”

ती हसली नाही. तोही नाही. न्हाव्याच्या मिशीला मात्र आता कसलीच भीती उरली नव्हती.