काकूचं काविळीचं औषध

रविवारी सकाळी आमच्या ओटीवर पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असायची. पेणजवळचं आमचं खाडीकाठचं गाव, नव्वदीची सुरुवात. कुणी वडखळहून यायचं, कुणी रोह्याहून पहिल्या एसटीने. धाटावच्या कंपनीतला एखादा रात्रीची शिफ्ट संपवून डबा हातात घेऊन तसाच यायचा. माझी थोरली काकू काविळीचं औषध द्यायची.

न्हाऊन, ओल्या केसांनी ती एकटीच बांधावर जायची. वाटेत कुणाशी बोलायची नाही. पदराखाली झाकून पाला आणायची, वाटायची आणि ताकात कालवून पेला हातात द्यायची. बदल्यात काही घ्यायची नाही, चहासुद्धा नाही. पथ्य मात्र कडक: तेल बंद, मासळी बंद. मासळी बंद म्हटलं की आमच्या मिठागरावरच्या माणसांचे चेहरे काविळीने उतरले नसतील एवढे उतरायचे.

पाला कसला, ते ती कुणाला सांगत नसे. दाखवलं की हाताचा गुण जातो, अशी रीत. तिला तिच्या आईने मरताना सांगितलं होतं आणि ती स्वतः मरतानाच कुणाला तरी सांगणार होती.

सहावीत असताना मी गुपचूप तिच्या मागे गेले. नको म्हटलं की तेच करायचं, हा माझा स्वभाव अजून गेलेला नाही. करंजाच्या आडून बघते तर काय, शाळेच्या वाटेवर आम्ही रोज तुडवायचो तेच वीतभर रोपटं ती उपटत होती. पानांच्या खाली हिरव्या मण्यांची रांग. भुईआवळा! मला रागच आला. एवढ्यासाठी एवढं सोंग?

मग धास्ती बसली. माझ्यामुळे तिचा गुण गेला असणार. पुढे कितीतरी रविवार मी येणाऱ्यांचे डोळे चोरून तपासत होते. माणसं बरी होत होती. तरी मी तोंड उघडलं नाही.

मी पेणला कॉलेजात जायला लागले त्या वर्षी, श्रावणात, काकूलाच कावीळ झाली. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, पडून राहायला सांगितलं. गोळ्या ती घ्यायची, पण विश्वास कुठे होता! विश्वास तिच्या पाल्यावर. आणि तो देणाऱ्याने स्वतःसाठी तोडला तर लागू पडत नाही, हीही रीतच. दुसऱ्याच्या हाताने तोडायला हवा, म्हणजे दुसऱ्याला दाखवायला हवा. काकांनी विनवलं, मग ओरडले, मग एक दिवस जेवलेच नाहीत. ही आपली ढिम्म. आपण बरे झालो आणि गुण गेला तर रविवारच्या माणसांनी कुणाकडे जायचं, एवढंच तिचं म्हणणं. पेजही पोटात ठरत नव्हती. मला तिची भयंकर चीड आली आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाले, कुणाशी न बोलता बांधावर गेले आणि पाला वाटून ताकातून तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"कवापासून ठाव हाय गो तुला?"

"सहावीत होते तवापासून."

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. मनातल्या मनात माणसं आठवत असावी.

"म्हंजे त्या दिवसापासून जे बरे झाले ते..." एवढंच म्हणाली आणि पेला रिकामा केला.

ती बरी झाली. गोळ्यांनी, विश्रांतीने की भुईआवळ्याने, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आता त्याची पूड डबीत मिळते, प्रयोगशाळांतही तपासतात म्हणे.

अंगात ताकद आल्यावरच्या पहिल्या रविवारी काकूने ओटीवरच्या सगळ्यांना उठवलं आणि बांधावर नेलं. रोप उपटून दाखवलं, पानं उलटी करून दाखवली. डॉक्टरकडे जा आणि हेही घ्या, तुमच्याच दारात हाय, म्हणाली. मला तिचा केवढा अभिमान वाटला.

महिन्याभरात ओटी रिकामी झाली. काकू तरी रविवारी लवकर न्हायची आणि ओल्या केसांनी रस्त्याकडे बघत बसायची. घरचे म्हणायचे, पोरीने काकूला वाचवलं. मला ते ऐकवत नसे.

एका रविवारी मीच तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, काकू, माझे डोळे बघ गो, पिवळे दिसतात काय?

तिने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, अंगठ्याने पापणी खाली ओढली. "काय झालं नाय तुला," ती म्हणाली. पापणी मात्र तिने लगेच सोडली नाही.