शेवटच्या कडव्यातलं नाव

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. विसरलो होतो असं नाही. आज सांगायचीच असं ठरवून धाडच्या स्टँडवर बुलढाण्याच्या गाडीत चढायचो, आणि कोर्टाच्या अलीकडेच उतरून, थोडी भाजी घेऊन, त्याच गाडीने परत यायचो. घरचे विचारायचे, गावात एवढा मोठा बाजार भरतो, मग मेथीसाठी बुलढाण्याला कशाला जाता? मी मेथी निवडायला बसायचो. आता ज्याला सांगायची होती तोच राहिला नाही, म्हणून तुमच्यासमोर मांडतो आहे. यात माझा काही मोठेपणा नाही.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मी दाढी करत होतो. प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा ही किसन हिवाळेची नात, बुलढाण्यात इंग्रजी शिकवते. "रतनबाबा, आबा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कोर्टापाशी, टेबलावर होते का?" ती म्हणाली, "नाही, घरीच. चहा प्यायले आणि आडवे झाले ते..." फोन ठेवला आणि निघालो. गाडीत बसल्यावर गालावर हात गेला, तेव्हा लक्षात आलं की अर्धी दाढी तशीच राहिली आहे. त्याच तोंडाने किसनचं शेवटचं दर्शन घेतलं. तो असता तर म्हणाला असता, "एवढी काऊन घाई केली बे, मी कुठं पळून जाऊन राह्यलो?"

किसन अर्जनवीस होता. कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली एक टेबल, एक जुना टाइपरायटर, समोर गिऱ्हाइकांसाठी बाकडं. दिवसभर तो दुसऱ्यांच्या नावाने लिहायचा. कुणाची जमिनीची तक्रार, कुणाचं नाव रेशनकार्डावर चढवायचं, कुणाची नांदायला पाठवत नाहीत म्हणून फिर्याद. लोक तावातावाने सांगू लागले की तो हात वर करायचा. "तोंडी कोनी ऐकत नाई. लिहून द्या." आणि संध्याकाळी टेबल आवरण्याआधी, दोन अर्जांच्या मध्ये सुचलेली ओळ कार्बनच्या उलट्या कागदावर टिपून ठेवायचा.

मी शाळामास्तर. गळा बरा होता. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात आमची गायन पार्टी गावोगाव फिरायची; पेटी, ढोलकी, तिघं कोरसला, आणि पुढे मी. गाणी सगळी किसनची. त्याला गाता येत नव्हतं. सूर लावला की स्वतःच हसायचा. पण गाणाऱ्याच्या तोंडाची जेवढी काळजी त्याने घेतली तेवढी दुसऱ्या कुणाला घेताना मी पाहिलं नाही. ओळ माझ्याकडून चारचार वेळा म्हणवून घ्यायचा आणि माझ्या ओठांकडे बघत बसायचा. म्हणायचा, "जिथं थांबाचं हाय तिथं तोंड उघडं पाह्यजे. बंद अक्षरावर लांब सूर धरशील कसा? 'माय' घे. आ वर पाह्यजे तेवढा थांब, तो संपत नाई." व्याकरण मी शिकवत होतो, पण शब्दाला श्वास लागतो हे मला त्याने शिकवलं.

त्याचं पाटीचं गाणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आमच्या भागात हळदीलासुद्धा म्हणतात.

पाटी फुटली तं फुटू दे, माय,
अक्षर पुसू देऊ नको गं...

आधी त्याने 'अक्षर मिटू देऊ नको' असं लिहिलं होतं. धाडकडची एक बाई पोरीचा शाळेचा दाखला मिळावा म्हणून अर्ज लिहायला आली होती. तिला त्याने ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "भाऊ, मिटते ते कागदावरचं. पाटीवरचं पुसते. आनं पुसनाराचा हात असते." किसनने तिथल्या तिथे शब्द बदलला. हे सांगताना त्याला फार आनंद व्हायचा. म्हणायचा, "अर्धं गानं त्या बाईचं हाय, पन तिचं नाव इचाराचं राहूनच गेलं." याची चुटपुट त्याला शेवटपर्यंत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. ही रीतच आहे. वह्या फाटतात, पार्ट्या मोडतात, गाणं या गावाहून त्या गावाला जातं. पण नाव सुरात बांधलेलं असलं की कुणीही गायलं तरी ते सोबत जातं. पाटीच्या गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं:

किसन सांगे, लेक शिकू दे,
वाट तिची अडवू नको गं.

कॅसेटचे दिवस होते. मलकापूरला एका दुकानाच्या मागच्या खोलीत आमच्या पार्टीची कॅसेट भरायची ठरली. भिंतींना गोणपाट लावलेलं, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. किसनची त्या दिवशी कोर्टात कुणाची तरी शेवटची मुदत होती, म्हणून तो आला नाही. तालमीत दुकानदार म्हणाला, "गुरुजी, कव्हरवर फोटो तुमचा, आवाज तुमचा, अन् गाण्यात हा किसन कोन? ऐकनारा गोंधळते." त्याने एवढंच म्हटलं. बदला असं म्हटलं नाही. आजवर मी मनाशी सगळा दोष त्याच्यावर टाकत आलो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. बदललं मी. किसन, रतन... दोन्ही तीन अक्षरांची नावं, ठेक्यात कुठे खडा लागला नाही. ढोलकीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात चालू ठेवला.

'रतन सांगे, लेक शिकू दे.' पुढे कव्हरवरही छापून आलं, गीत आणि गायन रतन गुरुजी.

धाडच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ती कॅसेट वाजत होती. किसन एका पक्षकाराच्या कामाने आला होता. आम्ही दोघं बाकावर, हातात कप. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं. मी उगाच म्हणालो, "कव्हर छापनाऱ्यानं घोळ केला, किसना." तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. माझ्याच आवाजात. किसनने उरलेला चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ढोलकी छान लागली." बस.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने गाणी लिहायचं थांबवलंही नाही. पुढच्या जयंतीला नवं गाणं दिलं. कागद उघडला, शेवटच्या कडव्यावर नजर गेली. नावाच्या जागी टिंबं होती. छापील अर्जावर अर्जदाराच्या नावासाठी सोडलेली असतात तशी, एका ओळीत. मी विचारलं, "हे काय?" तो टाइपरायटरची फीत बसवत होता, वर न बघता म्हणाला, "ज्याचं नाव बसंल त्यानं भरावं." ते धरून त्याने मला अकरा गाणी दिली. अकराही गाण्यांत टिंबं, आणि अकराही ठिकाणी मी माझं नाव भरलं. पहिल्या वेळी दोन दिवस झोप नव्हती. पुढे पुढे गाडीत बसल्या बसल्या भरू लागलो.

एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी आमच्या भागातली गाणी गोळा करून पुस्तक काढलं. ते घरी आले होते. विचारलं, "गुरुजी, पाटीचं गाणं कसं सुचलं?" आणि मी त्यांना धाडच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. माझ्याकडे आलेली बाई म्हणून. पुस्तकात ती तशीच छापली आहे. नाव तर नेलंच होतं, त्याचा तो आनंदही नेला. हे लिहिताना मी तीनदा उठून अंगणात जाऊन आलो. प्राध्यापकांना वेगळं पत्र पाठवलं आहे. पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तर दुरुस्ती करावी.

आमची शेवटची भेट तो जाण्याच्या दोन महिने आधीची. त्या दिवशी मी अलीकडे उतरलो नाही, थेट कोर्टापाशी गेलो. वाक्य तोंडपाठ केलं होतं. दुपारची वेळ, प्रज्ञा आजोबांचा डबा घेऊन आलेली, आणि टेबलावर तिच्या फोनवर इंग्रजी गाणं लागलेलं. फार जुनं, अमेरिकेतलं, मागे संथ बाजा. किसन डोळे मिटून ऐकत होता.

"ये रतन्या, बस. हे ऐक. समजत तं काईच नाई, पन हा शब्द पाह्य, मून. म्हंजे चांद. ऊ वर तोंड गोल होते अन् सूर निंगाले जागा भेटते. लिहिनाराले गानाऱ्याचं तोंड ठाऊक होतं बे." मग त्याने नातीला विचारलं, "कोनाचं हाय?"

प्रज्ञाने गायकाचं नाव सांगितलं.

"ते झालं. लिहिलं कोनं?"

तिने फोनमध्ये बरंच शोधलं. शेवटी खालच्या बारीक अक्षरांत नाव सापडलं. ते तिने दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाली की या लोकांची गाणी शंभर जणांनी गायली, सगळ्या जगाला गाणारे ठाऊक, आणि लिहिणारे मात्र कुठल्याशा खोलीत पियानोपाशी बसून ओळी जुळवत राहिले. किसनने ते परकं नाव कार्बनच्या पाठीवर देवनागरीत लिहून घेतलं. म्हणाला, "चांगला मानूस. एवढ्या दूर आपला भाऊबंद निंगाला." तो माझ्याकडे बघत नव्हता. टोमणा मारायचा त्याचा स्वभावही नव्हता. पण मी बाकड्यावरून उठलो, परत बसलो, पाणी मागितलं, पुन्हा उठलो.

"काय रे, मुंग्या चावून राह्यल्या का?"

प्रज्ञा डबा ठेवून शाळेत गेली. आता कुणी नव्हतं. मी म्हणालो, "किसना, एक अर्ज लिहाचा हाय." त्याने कागद चढवला, चष्मा पुसला. "बोल. कोनाले?" मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिलो. "इषय काय?" टाइपरायटरवर बोटं ठेवून तो थांबला. तो फार वेळ थांबला... इतका की त्याला ठाऊक होतं, असं मला आज वाटतं. आणि मी म्हणालो, "रहिवासी दाखल्याचा. तहसीलदाराले."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "सत्तर वर्सं धाडात राहून तुले आता दाखला पाह्यजे?"

"हाव."

"ठीक हाय." आणि टाइप करायला लागला. माझं नाव, गाव, तालुका, सगळं न विचारता. कागद काढून माझ्या हातात दिला. "सही कर. नाव तुह्यंच हाय, नीट पाहून घे."

बुलढाण्याच्या विहारात त्याचं पुण्यानुमोदन झालं, गेलेल्याच्या नावाने करतात ते. सकाळचं वंदन झालं, लोक बोलले, आणि कुणीतरी म्हणालं, गुरुजी, पाटीचं गाणं होऊ द्या. मी उभा राहिलो. गळा आता राहिला नाही, पण सगळा हॉल सोबत गात होता, बाया, तरुण पोरं, सगळे. शेवटचं कडवं आलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणालो, "किसन सांगे..." आणि हॉल म्हणाला, "रतन सांगे." मी कडवं पुन्हा घेतलं. हॉल पुन्हा म्हणाला, "रतन सांगे." शे-दीडशे माणसं, एका सुरात. शेजारचा गृहस्थ कानाशी वाकून हसला, "गुरुजी, वय झालं. सोताचंच नाव चुकलं तुमचं." मी सांगायला तोंड उघडलं, तर लोकांना वाटलं मी अजून एक म्हणणार. टाळ्या झाल्या. मी बसलो. त्याही दिवशी बसलोच.

बाहेर चपला घालताना प्रज्ञा जवळ आली. "तुम्ही आबांचं नाव घेतलंत. मी ऐकलं," ती म्हणाली. मी तिला तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. ती रागावली की नाही ते मला कळलं नाही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "लिहून द्या."

म्हणून हे लिहून दिलं आहे. पाटीचं गाणं किसन हिवाळेचं. टिंबांची अकराही गाणी त्याचीच. कुणी गाणार असाल तर शेवटच्या कडव्यात त्याचं नाव घ्या, ते ठेक्यात बसतं, मला ठाऊक आहे.

तो रहिवासी दाखल्याचा अर्ज माझ्याकडेच आहे. तहसीलला कधी नेलाच नाही. चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात असतो, सदरा बदलला की नव्या खिशात जातो. काल तो उलटा करून समोर ठेवला, आणि कोऱ्या पाठीवर, त्या दुपारी बाकड्यावर म्हणायचं होतं ते लिहिलं...

किसना, मले दाखला नव्हता पाह्यजे बे. गान्यातलं नाव तुह्यं होतं. मले माफ कर.