दिगंबरभाऊंचं लाल ऑइल

"मॅडम, गाडी लय झटके मारती," मंगलाताई वर्कशॉपमध्ये शिरता शिरताच म्हणाल्या. मागून त्यांचे दीर दिगंबरभाऊ आले. "काय नाय मॅडम, मीच परवा गिअरबॉक्समदी नवीन ऑइल टाकलं. जरा सेट होऊ द्या."

मी इंदिरानगरच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. म्हणजे ग्राहकाला मेकॅनिकची भाषा आणि मेकॅनिकला ग्राहकाचा राग समजावून सांगणारी बाई.

मंगलाताईंची मखमलाबादला फुलशेती. सकाळी फुलं घेऊन बाजारात त्या स्वतःच गाडी चालवत जातात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबवत नाही, म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली. ती बंद पडली तर दिरांच्या टेम्पोतून जावं लागणार. "त्यांचं तोंड बाजार येईस्तोवर बंद होत नाय," ताई हळूच म्हणाल्या.

मी ट्रायल घेतली. सिग्नल सुटला, इंजिन बोंबललं, गाडी मात्र विचार करत बसली. मग एकदम झटका.

"भाऊ, कुठलं ऑइल टाकलं?"

"लाल. ऑटोमॅटिकला लालच असतं. दोस्ताच्या गाडीला बी हेच हाय."

दोस्ताच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर असतात. ताईंची गाडी सीव्हीटी. तिच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच नाहीत. दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा स्टीलचा पट्टा. ऑइलने तो पट्टा झिजू द्यायचा नाही आणि घसरूही द्यायचा नाही. भाऊंच्या ऑइलला दुसरं काम कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या मालकांनी बॉनेटही न उघडता निकाल दिला. "गिअरबॉक्स गेला. नवीन सांगून टाक."

"सर, आधी ऑइल बदलून बघू."

"आणि गाडी बरी झाली तर?" त्यांनी खरोखर काळजीने विचारलं.

ऑइल काढलं. गिअरबॉक्सच्या तळाशी कण धरायला चुंबक असतो, त्यावर बारीक भुकटी होती, पण धातूचे तुकडे नव्हते. बरं वाटलं. सीव्हीटीचं ऑइल भरलं, गाडी फिरवली, आणि तेही काढून टाकलं. एका खेपेत जुनं सगळं निघत नाही.

"अहो, चांगलं ऑइल फेकताय!" भाऊ कळवळले.

"फेकत नाही, भाऊ. तुमचं धुऊन काढतेय," मी म्हटलं.

पुन्हा ताजं भरल्यावर ताईंनी स्वतः चालवून पाहिली. झटके गेले होते. चढावर बारीक शिट्टी मात्र राहिली. पट्टा थोडा घासलाय, पुढे कधीतरी खर्च काढेल, हे मी स्पष्ट सांगितलं.

"शिट्टी चालंल," ताई दिरांकडे बघत म्हणाल्या. "बडबड नको."

ऑइलला रंग देतात तो गळती कुठली, ते ओळखायला. गाडीत कुठलं भरायचं, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ताईंचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलं. प्लास्टिकची पिशवी अजून फोडलेलीसुद्धा नव्हती.