बरा नहीं है

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कतारमध्ये मुऐदरच्या बाजूला बंगल्यांची कामं जोरात होती आणि मी तिथे इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या खोलीत एक सुतारकाका होते, संगमेश्वरकडचे, सेंट्रिंगवाले. माणूस देवासारखा, पण हिंदी म्हणजे अगाध! मराठी वाक्याला 'है' चिकटवला की झाली हिंदी, अशी त्यांची पक्की समजूत. आम्ही चिडवायचो, तेही हसायचे.

एका सकाळी काका तापाने फणफणले. आजारी असलं तर टाइमकीपरला फोन करायचा, असा कंपनीचा नियम. काका चादर गुंडाळून वॉचमनच्या खोलीपर्यंत गेले, मी धरूनच नेलं. फोनवर ओरडले, "साब, आज मेरेको बरा नहीं है. मैं काम पे नहीं आयेगा." झालं, नियम पाळला. मी त्यांना झोपवून बस पकडली.

दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसताना काका कामावर आले, तर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, इंजिनिअर सगळ्यांदेखत कडाडला, "खलास! यल्ला, इंडिया!" म्हणजे संपलं, चल, चालता हो इंडियाला. काकांना वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय.

तिथे नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, चंबूगबाळं आवरायचं. काका खाटेवर बसून राहिले. म्हणाले, "जायचं काय, जाईन रे. पण गावात सांगू काय? ताप आला म्हणून हाकललं, हे कोणाला पटेल? म्हणतील, चोरीबिरी केली असणार."

माझं टाळकंच सटकलं. तडक टाइमकीपरला गाठलं. तो लखनौकडचा, गोड बोलणारा. म्हणाला, "भाई, उसने खुद बोला, बुरा नहीं है, फिर भी नहीं आऊँगा. मैंने साहब को वही बताया."

अरे देवा! "बुरा नाही हो, बरा! आमच्यात बरा म्हणजे अच्छा. तबियत अच्छी नहीं, असं सांगत होते ते!"

तो कपाळाला हात लावून हसत सुटला. मला वाटलं, सुटलो. पण इंजिनिअरकडे चल म्हटल्यावर त्याचं हसू आटलं. "साहब ने एक बार बोल दिया, अब मैं क्या बोलूँ?" आपलं ऐकणं चुकलं, एवढं सांगायची त्याची छाती होईना. मग मीच गेलो. माझ्या मोडक्या इंग्रजीत बरा आणि बुरा समजावताना नुसती त्रेधा उडाली. इंजिनिअरने नकाशावरून मानसुद्धा वर केली नाही. "खलास म्हणजे खलास," म्हणाला. आजही आठवलं की तिडीक मस्तकात जाते.

काका निघाले त्या दिवशी कंपनीची व्हॅन आली. टाइमकीपरही आला, हातात खजुराचा डबा. खाली बघत, माझ्याकडून कळलेला शब्द जपून वापरत त्याने विचारलं, "चाचा, अब बरा है ना?"

काकांचा एक पाय व्हॅनच्या पायरीवर होता. ते वळले. डबा त्यांनी घेतला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली चोख हिंदी.

"नहीं साब," काका म्हणाले. "अब बुरा है."