आत्याचं परदेशाचं खूळ

समुद्रच हवा होता, तर मालवण काय वाईट होतं? बदलापुरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर देणं सोडून दिलं. भाजीवालीने विचारला, सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारला, आणि ज्यांनी स्वतः कित्येक वर्षांत गावाचं तोंड पाहिलं नाही अशा चुलतभावांनी तर फोन करकरून विचारला. आता मी व्हिएतनाममधल्या एका समुद्रकाठच्या लहानशा शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. इथे मला हे कोणी विचारत नाही, म्हणून इथे बसून सावकाश उत्तर देते.

मालवणकडच्या आमच्या गावच्या घरात पडवीत बसलं की समुद्र ऐकू येतो, हे खरं आहे. पण त्या घरात मी कोण? लग्न न केलेली मुलगी. साठीला आले तरी मुलगीच. सणाला गेलं की चहाचा कप खाली ठेवेपर्यंत माझ्यासमोर विळी आणि नारळ येतात. मी खोबरं खवत असते आणि माझ्या पाठीमागे, मला ऐकू जाईल अशा बेताने, माझं लग्न का जुळलं नाही याची चर्चा चाललेली असते. मला समुद्र हवा होता, समुद्राबरोबर फुकट मिळणारं गाव नको होतं. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत गेली, कपड्यांच्या रंगासाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. शिफ्टप्रमाणे शेअर रिक्षाने जायचं, नमुना तपासायचा, नापास असेल तर नापास म्हणायचं. माल अडला म्हणून मॅनेजर येऊन डोक्यावर उभे राहायचे, तरी मी सही करत नसे. कारखान्यात माझा शब्द चालायचा. घरी आलं की दारातच कोणीतरी विचारायचं, आत्या, आज भाजी काय?

घर म्हणजे बदलापूरचं माझ्या दादाचं घर. वहिनी गेली तेव्हा पुतण्या शाळेत होता. तेव्हापासून ते घर मी चालवलं, त्याचे डबे केले, त्याच्या बारावीच्या वर्षी माझ्या शिफ्ट बदलून घेतल्या. हे सगळं मी आनंदाने केलं. हे मुद्दाम लिहिते, कारण आता ही बाई रडगाणं लावणार असं कोणाला वाटत असेल, तर ते तसं नाही. मला पोराची माया होती, अजून आहे. पण ते पोर मोठं झालं, कमावतं झालं, त्याचं लग्न झालं, आणि तरीही घरात कुठलीही अडचण आली की तीन शब्दांत तिचा निकाल लागायचा: आत्या आहे ना. दूधवाल्याचं काय? आत्या आहे ना. गॅस संपला, पाहुणे आले, पाणी जाणार आहे? आत्या आहे ना.

परदेशाची गोष्ट माझ्या डोक्यात घातली ती उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मैत्रिणीने. उल्हासनगर म्हणजे फाळणीत सिंध सोडून आलेल्यांचा कॅम्प, तिथे तिचं कापडाचं दुकान आहे. ड्रेस मटेरियल घ्यायला म्हणून मी जायचे आणि दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठत नसे. तिचे नातेवाईक जगाच्या नकाशावर तीळ सांडावेत तसे सांडलेले आहेत. निवृत्त झाल्यावर मी तिच्याबरोबर एका टूरने व्हिएतनाम पाहून आले. त्यात हे शहर दोन मुक्कामांपुरतं लागलं. सकाळी कोळणी टोपल्यांत मासे घेऊन बसतात, घासाघीस करतात, भाव नाही पटला की तोंड फिरवतात. जेवायला भात आणि माशाचं आंबट कालवण. मी हॉटेलच्या बाईला खुणांनी आणि मोबाइलवरच्या भाषांतराने विचारलं, इथे घरभाडं किती असतं? तिने सांगितलं तेव्हा मी तिला पुन्हा विचारलं. बदलापूरजवळ चिखलोलीला मी माझ्या पगारातून घेतलेला एक छोटा फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलेला असतो. त्या भाड्यात इथे माझी जागा आणि बाजारहाट दोन्ही भागणार होतं, वर खिडकीत समुद्र.

परतताना विमानात मी मैत्रिणीला म्हटलं, मी तिथे राहायला जाणार. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "तो चली जा ना. घर छोड़ने से कोई मरता नहीं. हमारा तो पूरा कॅम्प छोड़ के आया हुआ है, वो भी मर्ज़ी से नहीं. तू मर्ज़ी से जा रही है, इसमें सोचना क्या?"

मी घरी जेवताना हे सांगितलं, तेव्हा पुतण्याला ठसका लागला. दादाने ताटातला हात काढून घेतला. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? ह्या वयात? एकटी? भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही!" मी म्हटलं, "माणूस ओळखीचं नाही, तेच तर हवंय मला." त्यावर तो कपाळाला हात लावून उठून गेला.

आणि त्याच महिन्यात सुनेला, म्हणजे पुतण्याच्या बायकोला, दिवस गेले. घरात पेढे आले. बाळंतपणानंतर रजा संपली की बाळाकडे कोण बघणार, हा प्रश्न निघाला आणि बसल्या जागी मिटला. आत्या आहे ना. माझ्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिथेच सोफ्यावर पेढा हातात घेऊन बसले होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मोदकांचं सारण करताना स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. सून हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही गेलात तर माझी नोकरी जाईल. खरंच सांगतेय. पाळणाघरात ठेवायला बाबा तयार नाहीत." मला तिची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, "तुझी नोकरी वाचवायची तर तुझ्या नवऱ्याला सांग, सासऱ्याला सांग. ते दोघं धडधाकट आहेत. माझा पदर का धरतेस?" ती कढईकडे वळली. खोबरं परतत राहिली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण तिचंही काही चुकत नव्हतं.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. आरती झाली की घरातला कर्ता पुरुष देवापुढे गाऱ्हाणं घालतो. आम्ही एरवी मालवणी बोलत नाही, पण गाऱ्हाणं मालवणीतच व्हायला हवं, नाहीतर देवाला पोचत नाही असं आमच्याकडे समजतात. तो एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी ओरडून साथ द्यायची, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट. आवाज चढला की आपलं तोंड आपोआप उघडतं.

दादाने हात जोडले. "बा देवा गणपती म्हाराजा! वर्साभरान तू आमच्या घराक इलंस, जी काय सेवा केली ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरात नवीन लेकरू येवचा आसा, ता सुखरूप येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या बहिणीच्या डोक्यात जा परदेशाचा खूळ शिरला हा, ता काढून टाक आणि तिका हयच आपल्या माणसांत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ओरडून झाल्यावर मला कळलं मी कशाला हो म्हटलं. दादाने डोळे उघडले, माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "देवासमोर कबूल केलंस. आता विषय संपला."

कोणाला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. आमच्या घरात ते तसं नव्हतं. गणपतीपुढे दिलेला शब्द मोडला आणि पुढे घरात काही वाईट झालं, तर त्याचं खापर कोणावर फुटणार हे मला ठाऊक होतं, आणि सून तर गरोदर. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला दादा ती हकिगत रंगवून सांगत होता. लोक माझ्याकडे बघून हसत, मोदक खात आणि म्हणत, बरं झालं बाई, सुटलीस. मी हातात पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होते. मला रडू येत होतं आणि रडायचं नाही म्हणून मी ग्लास पुन्हापुन्हा विसळत होते. लॅबमध्ये मी कोणाच्या दडपणाखाली सही केली नाही, आणि इथे न विचारता माझ्या तोंडूनच ती घेतली गेली होती. हा विचार मला चार दिवस चावत राहिला.

विसर्जनाच्या दिवशी पाट उचलण्याआधी पुन्हा गाऱ्हाणं असतं. घर भरलेलं होतं, दारात टेम्पो उभा, ढोलवाला घाई करत होता. दादाने घसा साफ केला. त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत मी पुढे झाले. आमच्यात बाई गाऱ्हाणं घालत नाही. घालू नये असं कोणी सांगितलेलं नाही, घालत नाही एवढंच. मी हात जोडले आणि माझ्या आजोबांसारखा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घराचा मी आजपावत जा काय केलंय, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

मग मागून पोरांनी सुरुवात केली, "व्हय म्हाराजा!"

"माझ्या भावाक भाताचो कुकर लावूक येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अख्खं घर ओरडलं.

"माझ्या पुतण्याक सकाळी लवकर जाग येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माका सुखान जाऊ दे, मागे कोणाचा काय अडू नये, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी दादाकडेच बघत होते. त्याचं तोंड उघडलं होतं. हात जोडलेले, मान डोलावलेली, आणि सगळ्यांबरोबर त्यानेही दणकून साथ दिली होती. त्यालाही ते झाल्यावरच कळलं. "दादा," मी म्हटलं, "देवासमोर कबूल केलंस." त्याचा चेहरा पडला, मग लाल झाला, आणि तो पाट उचलायला वाकला. नदीपर्यंत तो टेम्पोत माझ्याकडे पाठ करून बसला. विमानतळावर सोडायलाही आला नाही. पुतण्या आला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले, पण बॅगेचा दांडा हातातून सोडला नाही.

इथे सगळं गोड आहे असं मी सांगणार नाही. पहिल्या महिन्यात ताप आला तेव्हा उशाशी पाणी ठेवायला कोणी नव्हतं, आणि दादा म्हणाला ते खरं होतं असं एक पूर्ण दुपार मला वाटलं. दर तीन महिन्यांनी व्हिसासाठी देशाबाहेर जाऊन परत यावं लागतं. कढीपत्ता मिळत नाही. पण सकाळी उठून आज काय करायचं हे मी समुद्राकडे बघत ठरवते, आणि कधी कधी काहीच करायचं नाही असं ठरवते. शेजारची म्हातारी मला माशाचं नाव शिकवते, मी चुकीचं म्हणते, ती कमरेवर हात ठेवून मला रागावते. मी कोणाची कोण, हे तिने एकदाही विचारलेलं नाही.

बाळ झालं. मुलगी. फोटो यायचे, दादाचा फोन मात्र येत नसे. सुनेची रजा संपली तेव्हा मी जीव मुठीत धरून होते. ती कामावर रुजू झाल्याचं पुतण्याने कळवलं. कसं काय जमवलं, ते मी विचारलं नाही. उत्तराची मला भीती वाटत होती, आणि उत्तर काहीही असलं तरी मी परत जाणार नव्हते.

गेल्या आठवड्यात सुनेचा फोन आला. "आत्या, मला आठ दिवस सुट्टी मिळतेय. तुमच्याकडे येऊ?"

आठ दिवस म्हणता म्हणता बाळ माझ्या मांडीवर येणार आणि मग इथेही तेच सुरू होणार. मी आवाज घट्ट केला. "ये. दुसरी खोली रिकामीच आहे. पण आधीच सांगून ठेवते, इथे बाळाला मी सांभाळणार नाही. तुझं तू बघायचं."

पलीकडे ती हसायला लागली. "अहो आत्या, बाळाला आणतंय कोण? ती तिच्या आजोबांशिवाय झोपत नाही. मी एकटी येतेय."