वरून आमचं क्वार्टर

भिलाईत सगळं होतं, फक्त समुद्र नव्हता. तोही साहेबलोकांनी करून घेतला. पोलादाच्या प्लान्टला पाणी हवं म्हणून रुआबांध्याच्या पलीकडे मोठा तलाव खोदला आणि त्यातून निघालेली माती, मुरूम काठावर पडत पडत टेकडीएवढा ढीग झाला. मग केरळातून आलेला आमचा शेजारी फिटर म्हणू लागला की इथल्या वाऱ्याला त्याच्या गावच्या किनाऱ्याची सर आहे. इंजिनीअरांच्या बायका संध्याकाळी 'बीचवर' जाऊ लागल्या. लाल धुळीशिवाय काही न पाहिलेल्या माझ्यासारख्याला समुद्र म्हणजे काय ते घरबसल्या कळलं. मोठ्या घरच्या बायका हौसेने चपला हातात घेऊन चालतात, ती जागा.

मला समुद्राशी घेणंदेणं नव्हतं. मला टेकडी हवी होती.

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावालाही एक टेकडी आहे, वर देऊळ. गावाने वरपर्यंत जायचं आणि गावाबाहेरच्या आमच्या वस्तीने निम्म्याच्या थोडं वर, एका चपट्या दगडापाशी चपला काढून तिथूनच हात जोडायचे, असा शिरस्ता. देव उदार आहे, इतक्या लांबूनही तुमचा नमस्कार त्याला पोचतो, असं गावातली जाणती माणसं आम्हाला मोठ्या मायेने समजावत. माझ्या बापाला, म्हणजे बाला, देवाचं फारसं काही नव्हतं. त्याला एकच हुरहूर होती. वरून म्हणे सगळं गाव दिसतं, मग आपलं घर वरून कसं दिसत असेल? पुढे आम्ही दीक्षा घेतली, हात जोडणं सुटलं आणि त्याबरोबर दगडापर्यंत जाणंही सुटलं. घर वरून पाहायचं राहिलं ते राहिलंच.

मला क्वार्टर मिळालं तेव्हा बा भिलाईला राहायला आला. गुडघे कामातून गेलेले. एका सुटीच्या सकाळी मी टेकडीकडे निघालो, तर अंगणातल्या बाजेवरून म्हणाला, "वरतं गेला का आपलं घर पायजो. कसं दिसते, मले सांगजो."

मी बायकोला म्हटलं, "तुह्यं हिरवं लुगडं तारेवर टाक. खून राहीन."

"सोताचं घर ओळखाले खून कायले लागते जी?" ती म्हणाली. पण टाकलं.

टेकडी कोवळी होती. झाड नाही, सावली नाही, पायाखाली मुरूम सरकतोय. वर अजून कुणी शेंदूर फासलेला दगडसुद्धा बसवला नव्हता. सगळे ओव्हरटाइममध्ये अडकलेले असल्याने तेवढं राहून गेलं असावं. मी प्लान्टचे बूट घालून मजेत चढत होतो. निम्म्याच्या थोडं वर आलो आणि थांबलो. दम लागला नव्हता. खाली पाहतो तर बूट काढून, जोडीने नीट बाजूला ठेवलेले. कुणी काढायला सांगितले? डंपरने ओतलेल्या मातीच्या ढिगावर, जिथे देव नाही, पुजारी नाही, पाटील नाही, तिथे मी अनवाणी होऊन आपली हद्द सांभाळत उभा होतो! आठवडाभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा मी मर्द गडी. असा संताप आला स्वतःचा, की तेच बूट स्वतःला मारावेत.

खालून शेळ्या घेऊन जाणारी एक म्हातारी ओरडली, "का होगे बाबू? कांटा गड़ गे का?"

"हाव दाई, कांटाच," मी म्हटलं.

"त निकाल न!" म्हणत ती शेळ्यांमागे गेली. तिला सोपं वाटलं.

बूट चढवले, नाड्या करकचून आवळल्या आणि उरलेली चढण मुद्दाम पाय आपटत चढलो. ढेकळांचं काय झालं ते ढेकळांना ठाऊक.

वर पोचलो. एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला धूर सोडणारी चिमण्यांची रांग, लांबवर उतईकडची धानाची बांधबंदिस्ती. देखावा सुंदर होता, नाही म्हणत नाही. पण मी घर शोधत होतो. साहेबांचे बंगले लगेच ओळखू आले, ज्याची त्याची बाग, ज्याचं त्याचं फाटक. समाजवाद तिथवर पोचायचा होता. आमच्या क्वार्टरांच्या लाइनी मात्र एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. लुगडं शोधलं, तर तारांवर हिरवंच हिरवं. आठवडी बाजारातल्या कपडेवाल्याने एकच गठ्ठा सगळ्या लाइनीला विकला होता आणि सुटीचा दिवस असल्याने सगळ्यांनी एकदमच धुतला होता. डोळे दुखेपर्यंत पाहिलं. घर काही सापडलं नाही. एवढा चढून आलो, बूट काढले, घातले, आणि बाला सांगायला काही नाही, म्हणून मला रडू यायचं बाकी होतं.

परतलो तर बा वाटच पाहत होता.

"दिसलं?"

"नाई बा. समदे एकसारखे. ओळखूच नाई आलं."

"असं कसं? एका बाजूले असन न? गाव सरल्यावर?"

"नाई. मधातच कुठंतरी हाये."

"मधात?"

"मधात."

बा बराच वेळ लाइनीकडे पाहत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने सुनेला हाक मारली. तो हसत होता.

"काढ वो पोरी ते लुगडं. आपलं घर कोनाले ओळखूच येत नाई."